कुठलं काम कुठल्या कोअरला?

मोबाइलवर गाणं चालू आहे, तुम्ही गेम खेळताय आणि तेवढ्यात आजीचा मेसेज येतो. तिन्ही कामं एकदमच! मोबाइलच्या प्रोसेसरमध्ये बहुधा आठ कोअर असतात. कोअर म्हणजे आकडेमोड करणारा स्वतंत्र भाग. पण कुठल्या कोअरने काय करायचं हे ठरवतं कोण? शेड्युलर! अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स असतं, त्यातलाच हा एक प्रोग्राम.

तुम्ही म्हणाल, "त्यात काय, जो रिकामा असेल त्याला द्यायचं काम!" थांबा. तुम्ही टेबलावर वह्या-पुस्तकं पसरून गणितं सोडवताय आणि मध्येच जेवायला उठलात. परत येऊन कुठे बसाल? त्याच टेबलाशी ना? कोअरपाशीही कॅशे नावाची चिमुकली, चपळ मेमरी असते. मघाची माहिती तिथेच पडलेली असते. ती तिथून साधारण एका नॅनोसेकंदात हाती येते. मुख्य मेमरीतून आणायला शंभरेक नॅनोसेकंद लागू शकतात! म्हणून थांबलेलं काम पुन्हा सुरू होताना शेड्युलर आधी बघतो, हे मघाशी कुठे चाललं होतं? तो कोअर मोकळा नसेल, तर जवळपासचा शोधतो.

शिवाय फोनमधले सगळे कोअर सारखे नसतात. मोठा कोअर काम झपाट्याने उरकतो, पण बॅटरीही भराभर संपवतो. छोटा सावकाश चालतो, पण काटकसरी असतो. 2019 साली आलेल्या लिनक्स 5.0 पासून शेड्युलर विजेचाही हिशेब मांडू लागला. गाण्याला छोटा कोअर पुरतो, जड गेमला मोठा लागतो.

हे त्याला कळतं कसं? मला सगळ्यात आवडते ती हीच युक्ती. कुठल्या कामाने किती वेळ कोअर वापरला, याची तो नोंद ठेवतो, पण जुनी नोंद विसरतही जातो! सुमारे 32 मिलिसेकंदांपूर्वीच्या नोंदीचं वजन त्याच्या लेखी निम्मंच उरतं. त्यामुळे गेम बंद करून तुम्ही नुसतं गाणं ऐकू लागलात, की त्याचा अंदाजही लगेच बदलतो.

आणि गंमत म्हणजे शेड्युलरला विचार करायलाही कोअरच लागतो! फार वेळ विचार केला तर कामं खोळंबतील. म्हणून तो पुष्कळदा थोडेच कोअर तपासतो आणि त्यातला बरा निवडतो.

विंडोजचा शेड्युलर वेगळा आहे, पण त्याचं काम तुम्हाला बघता येईल. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू निवडा. आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' दिसतील असं करा. आता एखादा व्हिडिओ लावा आणि कुठला आलेख उसळी घेतो ते बघा!