जुन्या कॅम्परचा ब्रेकचा लाल दिवा

फोक्सवॅगनची टी३ ही गाडी जर्मनीत १९७९ साली आली. अमेरिकेत ती व्हॅनागन या नावाने विकली गेली. तिच्यावर बांधलेले, छप्पर वर उघडणारे वेस्टफालियाचे कॅम्पर आजही तिकडच्या रस्त्यांवर धावतात. या वयाच्या गाडीत ब्रेकचा लाल दिवा लागून राहणं ही नेहमीची तक्रार. पुष्कळ जण अशा वेळी आधी वायरी उपसायला घेतात. माझं मत उलट आहे: आधी ब्रेक ऑइल, मग वायर.

या दिव्याला कळतं फार थोडं. हँडब्रेक ओढलेला आहे का आणि टाकीतलं ब्रेक ऑइल खाली गेलंय का, मुख्यतः एवढंच. ड्रममध्ये ऑइल गळतंय, ऑइल जुनं झालंय, हे त्याला थेट समजत नाही. त्यामुळे दिवा विझलेला आहे म्हणून ब्रेक उत्तम, असं मानू नये.

टी३चं इंजिन मागे आहे, पण ऑइलची टाकी पुढे, डॅशबोर्डच्या आत, मीटरच्या मागे बसवलेली आहे. वरचं झाकण काढलं की ती दिसते. गाडी सपाट जागी उभी करून पातळी बघा. दिवा फक्त वळणावर किंवा ब्रेक मारताना लुकलुकत असेल, तर बहुधा पातळी किमान खुणेजवळ आली आहे आणि ऑइल हिंदकळल्यावर टाकीतला, पातळी ओळखणारा फ्लोट खाली जातोय.

पातळी कमी दिसली की बाटली उघडायचा मोह होतो. थोडं थांबा, ऑइल गेलं कुठे, हे आधी शोधायचं. निरुपद्रवी कारण एकच: पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्या मागची जागा ऑइल भरून काढतं. अशा वेळी टाकी काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले जातात आणि जास्तीचं ऑइल डॅशबोर्डमध्ये सांडतं. ते रंग खातं, हे वेगळंच.

बाकीची कारणं म्हणजे गळती. टी३त एक गंमत आहे: क्लचलाही याच टाकीतून ऑइल जातं. म्हणून ब्रेक ठणठणीत असूनही, मागे गिअरबॉक्सजवळचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळत असेल तर दिवा ब्रेकचाच लागतो. गिअर अडखळत पडत असतील तर आधी तिथे बघा. मग मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते तपासा. तिथला व्हील सिलिंडर गळका असू शकतो. पेडलच्या दांड्यावर ओल असेल तर संशय मास्टर सिलिंडरवर. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, मग मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं, तर बाहेर थेंब दिसो न दिसो, दाब कुठेतरी सुटतोय. मास्टर सिलिंडरची आतली रबरं गेली असतील तर बाहेर काहीच दिसत नाही.

ऑइल पुरेसं असेल, तरच वायरींकडे वळा. बहुतेक जुन्या गाड्यांत फ्लोटचा आणि हँडब्रेकचा स्विच दिव्याची वायर बॉडीला जोडून (अर्थिंग देऊन) तो लावतात. टाकीच्या झाकणावरचं कनेक्टर काढा. दिवा विझला तर फ्लोट अडकलाय किंवा त्यात ऑइल शिरून तो बुडलाय. नाही विझला तर हँडब्रेकच्या बुडाशी असलेल्या स्विचची वायर काढून बघा. गंज किंवा धुळीने तो अडकून चालूच राहतो. तरीही दिवा चालूच असेल, तर बहुधा वायर कुठेतरी घासून बॉडीला लागलीय. काही मॉडेलांत दोन ब्रेक सर्किटांच्या दाबातला फरक ओळखणारा स्विचही असतो, म्हणून आपल्या वर्षाचा वायरिंगचा नकाशा जवळ ठेवा.

गळती बंद झाल्यावर सीलबंद डब्यातलं डॉट ४ भरा आणि लाइनमधली हवा काढून घ्या. इंजिन ऑइल चुकूनही नको, त्याने सगळी रबरं फुगतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं: नव्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्याचा १५५पर्यंत उतरू शकतो. भरलेला कॅम्पर घाट उतरताना हा फरक महागात पडतो, म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

आणि पेडल खाली बसत असेल, तर गॅरेजपर्यंतही गाडी चालवू नका. टो करूनच न्या.