पोरिफोर्सच्या किल्ल्यातील दुपार

अद्भुतकथेतील प्रणय म्हटला की षोडशवर्षीय राजकन्या आणि तिच्यासाठी राक्षसाशी झुंजणारा राजपुत्र हेच चित्र मनश्चक्षूंपुढे उभे राहते. पुत्र गमावलेल्या, लेक परघरी नव्हे तर सिंहासनावर गेलेल्या चाळिशीच्या विधवेला तेथे आशीर्वाद देण्यापलीकडे काम नसते. अमेरिकन लेखिका लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांनी मात्र २००३ साली 'पॅलाडिन ऑफ सोल्स' या कादंबरीत अशाच राजमातेला, इस्ताला, नायिकापद दिले, आणि पुढच्या वर्षी ह्यूगो पारितोषिक मिळवले.

ही इस्ता सर्वस्वी कल्पनेतली नाही. कॅस्टीलच्या इसाबेला राणीची माता १४५४ मध्ये विधवा झाली, १४६८ मध्ये तिचा मुलगा गेला, आणि वेडी म्हणून गणली जाऊन १४९६ पर्यंत ती आरेवालो येथे दिवस कंठीत राहिली. इस्ताचीही अवस्था तीच. आदराच्या नावाखाली चाललेली ती नजरकैदच. आईचे उत्तरकार्य उरकताच ती एकटी, पायी, वेशीबाहेर चालू लागते. माणसे तिला परत आणतात, तेव्हा तीर्थयात्रेचे निमित्त काढून ती पुन्हा निघते. (यात्रेचे निमित्त कोणाला मोडता येत नाही, हे आपल्याकडच्या सासुरवाशिणींनाही ठाऊक होते.)

सरहद्दीवरच्या पोरिफोर्स किल्ल्यात तिला इल्विन भेटतो. हा लढायांत मुरलेला गडी. पण भेटतो तो घोड्यावर नव्हे, अंथरुणावर. एका पिशाच्चाच्या करणीने त्याचे प्राणबळ त्याच्या मृत भावाला, किल्लेदार आर्हिसला, चालते-बोलते ठेवण्यात खर्ची पडत असते. मध्यान्ही घटकाभर इल्विन जागा होतो, विश्वासू नोकर घाईघाईने चार घास त्याच्या तोंडात घालतो, आणि तेवढा वेळ तिकडे आर्हिस निपचित पडतो. ज्या स्त्रीचे शब्द वर्षानुवर्षे भ्रम म्हणून उडवून लावले गेले, तिला या कृश, जडजीभ माणसाचे तुटक बोलणे खरे वाटते. माझ्या मते प्रणयाचा उगम येथे आहे. पुढची चुंबने हा केवळ विस्तार.

लेखिकेने समोर शत्रूही आईच उभी केली आहे. राजमाता जोएन आपल्या पुत्रासह अनेकांना पिशाच्चांच्या अदृश्य दोऱ्यांनी बांधून खेळवते. त्या दोऱ्या तोडण्याचे काम देव इस्ताकडे सोपवतो, आणि हा देव म्हणजे सौम्य मातृदेवता नव्हे. पाच देवांतला अनौरस, वात्रट देव. गेलेला मुलगा तिला परत मिळत नाही. घराची वाट मात्र ती पुन्हा धरीत नाही, आणि इल्विन तिच्याबरोबर निघतो.