16 गोलांचा हिशेब

11 ऑक्टोबर 2022 ची संध्याकाळ. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर 17 वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकात भारत पहिल्यांदाच उतरला होता. समोर अमेरिका. नवव्या मिनिटाला पहिला गोल झाला, मध्यंतराला फलकावर पाच गोल होते आणि शेवटची शिट्टी वाजली तेव्हा आठ. त्यातला एक मिया भुता या भारतीय वंशाच्या अमेरिकी मुलीने केलेला. तीन दिवसांनी मोरोक्कोने आपल्याला 3-0 असं हरवलं, आणखी तीन दिवसांनी ब्राझीलने 5-0. तीन सामन्यांत 16 गोल खाल्ले, केला एकही नाही.

दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत धुव्वा होता, दारुण होतं, नामुष्की होती. हे शब्द मला तेव्हाही खटकले, आजही खटकतात. हे 16 गोल त्या 21 मुलींच्या खात्यावर मांडणं अन्यायाचं आहे. मैदानावर जे तीन सामन्यांत दिसलं ते आधीच्या कितीतरी वर्षांत ठरून गेलेलं होतं.

संघ कुठून आला होता ते आधी पाहू. कर्णधार अस्तम उराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली. तिच्यासारख्याच झारखंडच्या आदिवासी पट्ट्यातून आणि मणिपूरमधून आलेल्या मुलींचा या संघात मोठा भरणा होता. आपल्या महाराष्ट्रातून होती पुण्याची काजोल डिसोझा. अस्तमच्या घरापर्यंत रस्ता करायचं काम स्पर्धेच्या तोंडावर निघालं, आणि त्याच रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील रोजंदारीने राबत होते, अशी बातमी तेव्हा देशभर छापून आली. ती हळहळीची बातमी म्हणून वाचली गेली. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते: मुलगी देशाची कर्णधार होईपर्यंत त्या घराकडे कुणाचं लक्ष गेलेलं नव्हतं. तिच्या खेळाचंही तेच.

प्रशिक्षक होते स्वीडनचे थॉमस डेनरबी. 2011 च्या विश्वचषकात त्यांनी स्वीडनच्या महिला संघाला तिसरं स्थान मिळवून दिलं होतं आणि 2018 मध्ये नायजेरियाला आफ्रिकेचं विजेतेपद. त्यांच्या अनुभवाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्यांना मिळाले ते काही महिने. जमशेदपूरला शिबिर, मग भुवनेश्वरला, मधे उन्हाळ्यात इटली आणि नॉर्वेचा दौरा. त्या दौऱ्यातच एका सहायक प्रशिक्षकावर अल्पवयीन खेळाडूशी गैरवर्तन केल्याचा आरोप झाला आणि त्याला काढून टाकण्यात आलं. घरापासून हजारो मैलांवर, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींच्या पथकात हे घडावं, आणि नंतर त्याच मुलींकडून आपण फक्त निकालाची विचारणा करावी, हे मला फार जड वाटतं.

शिबिराने अंगात ताकद येते, डाव बसतो, एकमेकींची सवय होते. पण चेंडू पायात असताना अंगावर धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला चुकवून क्षणात निर्णय घ्यायला सामने लागतात, तेही बरोबरीच्या किंवा वरचढ संघांशी, आठवड्यामागून आठवडे. त्याच स्पर्धेतल्या दोन मुली पाहा. कोलंबियाची लिंडा कैसेदो 14 व्या वर्षी अमेरिका दे काली या क्लबकडून देशाच्या मुख्य लीगमध्ये खेळू लागली होती. 15 व्या वर्षी तिला बीजाशयाचा कर्करोग झाला, त्यातून ती उठली, आणि 2022 च्या जुलैत मोठ्या बायकांच्या कोपा अमेरिकेत सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. ऑगस्टमध्ये 20 वर्षांखालील विश्वचषक खेळली आणि ऑक्टोबरात भारतात आली. स्पेनची विकी लोपेझ त्याच सप्टेंबरात बार्सिलोनाच्या मुख्य संघाकडून मैदानात उतरली होती, वय 16. या मुली शिबिरातून घडल्या नव्हत्या. आठवड्याचा सामना हा त्यांच्या आयुष्याचा नेहमीचा भाग होता. भारतात महिलांची राष्ट्रीय लीगच मुळी 2016-17 मध्ये सुरू झाली, आणि मुलींच्या वयोगटांच्या देशव्यापी लीग तर त्याच्याही मागाहून आल्या.

इतिहास पाहिला की हे आणखी टोचतं, कारण आपण मागून निघालेलो नव्हतो. भारतीय महिला फुटबॉल महासंघ 1975 साली स्थापन झाला. 1980 मध्ये कोळिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता होता आणि 1983 मध्ये पुन्हा. गोव्याची योलांडा डिसोझा हे त्या काळातलं गाजलेलं नाव. म्हणजे आज आशियात ज्यांची दहशत आहे त्यातले कितीतरी देश महिला फुटबॉलची नुकती जुळवाजुळव करत होते, तेव्हा आपल्या मुली अंतिम सामने खेळत होत्या. नंतर पैसा नाही, स्पर्धा नाहीत, प्रवास नाहीत. तीन-चार दशकं अशीच गेली.

यजमानपदाची कहाणीही सरळ नाही. हा विश्वचषक खरं तर 2020 चा. मार्च 2019 मध्ये तो भारताला मिळाला, त्या डिसेंबरात मुंबईत स्वीडन आणि थायलंडला बोलावून तयारीची स्पर्धाही झाली. मग महामारी आली. स्पर्धा आधी फेब्रुवारी 2021 वर ढकलली गेली आणि शेवटी रद्द झाली. भरपाई म्हणून भारताला 2022 चं यजमानपद दिलं गेलं. कागदावर हिशेब मिटला. पण 2020 च्या स्पर्धेसाठी जन्मसाल 2003 किंवा त्यानंतरचं चालणार होतं, 2022 साठी 2005 किंवा त्यानंतरचं. 2003 आणि 2004 साली जन्मलेल्या ज्या मुली पहिल्या शिबिरांत घाम गाळत होत्या, त्यांचं वय स्पर्धेआधीच उलटून गेलं. देशाला विश्वचषक परत मिळाला, त्या मुलींना नाही. त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही.

2022 सालच्या सुरुवातीला आपल्याच दारात दुसरा घाव बसला. महिलांचा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होता. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर चायनीज तैपेईविरुद्ध उतरायचं त्या दिवशी, 23 जानेवारीला, कोरोनाच्या लागणीमुळे भारताकडे आवश्यक 13 खेळाडूही उरल्या नाहीत. यजमान संघ स्पर्धेतून बाद झाला. त्या संघाचे प्रशिक्षकही डेनरबीच होते. तिथून ते या मुलींकडे आले.

आणि ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं. महासंघाच्या अध्यक्षांची मुदत संपूनही निवडणूक झालेली नव्हती, सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक समिती नेमली, आणि फिफाच्या नियमांत हा बाहेरचा हस्तक्षेप ठरला. विश्वचषकाला आठ आठवडे उरलेले. स्पर्धा भारतात होणार की नाही हेच ठरेना. न्यायालयाने समिती बरखास्त केली, 26 ऑगस्टला निलंबन उठलं, 2 सप्टेंबरला निवडणूक होऊन कल्याण चौबे अध्यक्ष झाले. मोठ्यांच्या खुर्च्यांचा निकाल लागेपर्यंत मुली सराव करत राहिल्या.

आता मोरोक्कोचा सामना पुन्हा आठवा. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. अमेरिकेकडून आठ गोल खाल्लेल्या संघाने तीन दिवसांत स्वतःला सावरलं होतं. 51 व्या मिनिटाला पेनल्टी गेली आणि बांध फुटला. मोरोक्कोही या वयोगटाच्या विश्वचषकात आपल्यासारखाच पहिल्यांदा आला होता, आणि हा त्यांचा तिथला पहिला विजय. मला या लढतीतून सर्वांत जास्त शिकण्यासारखं वाटतं. अमेरिका किंवा ब्राझील आपल्यापासून फार लांब आहेत म्हणून सोडून देता येईल, मोरोक्कोला नाही. त्यांनी महिलांच्या दोन श्रेणींच्या लीग उभ्या केल्या, रबातजवळ राष्ट्रीय प्रशिक्षण संकुल बांधलं, आणि 2022 च्या जुलैत त्यांचा मोठा संघ आफ्रिकेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. पुढच्या वर्षी तोच संघ विश्वचषकाच्या बाद फेरीत होता. थोड्याच वर्षांत हे झालं, पण योजना आखून, पैसा ओतून झालं.

भारत साखळीतच बाहेर पडला, स्पर्धा मात्र आपल्या मैदानांवर रंगत गेली. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर दोन्ही उपांत्य सामने झाले. कोलंबियाने नायजेरियाला पेनल्टींवर हरवलं, स्पेनने जर्मनीला 1-0 असं. 30 ऑक्टोबरला डी. वाय. पाटीलवर स्पेन जिंकला तो 82 व्या मिनिटाला कोलंबियाच्या बचावपटूकडून झालेल्या स्वयंगोलावर. गोव्यात आणि नवी मुंबईत त्या सामन्यांना आलेल्या शाळकरी मुलींनी आपल्याच वयाच्या मुली कोणत्या वेगाने आणि किती धिटाईने खेळतात ते डोळ्यांनी पाहिलं. यजमानपदाचा हा लाभ मी खरा मानतो.

पुढचं काम संथपणे झालं, पण झालं. 13, 15 आणि 17 वर्षांखालील मुलींसाठी खेलो इंडियाच्या 'अस्मिता' लीग सुरू झाल्या. 2025 मध्ये मोठा संघ, 20 वर्षांखालील संघ आणि 17 वर्षांखालील संघ, असे तिन्ही संघ आशिया चषकासाठी पात्र ठरले. यातली 17 वर्षांखालील संघाची लढत ऑक्टोबरात किर्गिझस्तानात बिश्केकला झाली. उझबेकिस्तानविरुद्ध मध्यंतराला एका गोलाने मागे असलेला संघ थंडमणी बास्के आणि अनुष्का कुमारी यांच्या गोलांवर 2-1 असा जिंकला. या वयोगटाच्या आशिया चषकात भारत 20 वर्षांनी पोहोचत होता. आणि ही 2022 च्या विश्वचषकासारखी यजमान म्हणून मिळालेली जागा नव्हती, पात्रता फेरी जिंकून मिळवलेली होती.

दरम्यान विश्वचषकाची चौकटही बदलली आहे. 2025 पासून 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक दर दोन वर्षांऐवजी दरवर्षी भरतो, 16 ऐवजी 24 संघ घेतो आणि 2029 पर्यंत मोरोक्कोतच राहणार आहे. म्हणजे प्रत्येक जन्मसालच्या मुलींना आपली संधी ठरलेल्या वर्षी मिळेल. 2029 च्या विश्वचषकात खेळू शकणाऱ्या मुली 2012 आणि त्यानंतर जन्मलेल्या आहेत. त्या आज शाळेत आहेत, पुण्यात, कोल्हापुरात, मडगावात, गुमल्यात. त्यांना या वर्षी किती सामने खेळायला मिळाले, हे प्रत्येक जिल्हा संघटनेला आत्ताच विचारायला हवं.