गुगलच्या गल्ल्यावर चॅटबॉटचा डोळा

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुगलने आपल्या ‘बार्ड’ या नव्या चॅटबॉटची जाहिरात केली. त्यात बार्डला विचारलेला प्रश्न साधा होता : जेम्स वेब दुर्बिणीने लावलेले कोणते नवे शोध नऊ वर्षांच्या मुलाला सांगता येतील? सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचे पहिलेवहिले छायाचित्र याच दुर्बिणीने टिपले, असे बार्डने ठोकून दिले. प्रत्यक्षात ते २००४ मध्येच चिलीतल्या एका दुर्बिणीने टिपले होते. खगोलशास्त्रज्ञांनी चूक दाखवून दिली आणि ८ फेब्रुवारीला गुगलची मालक कंपनी अल्फाबेटचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे १०,००० कोटी डॉलरने घसरले.

एका चुकलेल्या वाक्यापायी एवढी घबराट?

बाजार आधीच धास्तावलेला होता. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आले होते आणि मायक्रोसॉफ्टने या घसरणीच्या आदल्याच दिवशी आपल्या बिंग सर्चला चॅटबॉटची जोड दिली होती. लोक प्रश्न विचारायला दुसरीकडे गेले तर गुगलच्या कमाईचे काय, ही चिंता गुंतवणूकदारांना सतावत होती.

‘पेरूची राजधानी कोणती’ असे विचारणाऱ्याकडून गुगलला सहसा दमडीही मिळत नाही. ‘आरोग्य विमा’ किंवा ‘गृहकर्ज’ टाइप केले, की मात्र निकालांच्या वर जाहिराती झळकतात. त्या जागेसाठी कंपन्यांमध्ये क्षणार्धात लिलाव होतो. जाहिरातीवर कोणी क्लिक केले की जाहिरातदाराला पैसे मोजावे लागतात. २०२४ मध्ये अल्फाबेटच्या ३५,००० कोटी डॉलर महसुलापैकी सुमारे १९,८०० कोटी एकट्या सर्च विभागाने मिळवून दिले. चॅटबॉटने थेट तयार उत्तर हातात ठेवले, तर क्लिक करणार कोण?

पहिला मोठा दणका मात्र दुसऱ्यालाच बसला. विद्यार्थ्यांना गृहपाठात मदत करणाऱ्या ‘चेग’ या अमेरिकी कंपनीने चॅटजीपीटीमुळे नवे ग्राहक कमी मिळत असल्याची कबुली दिली आणि मे २०२३ मध्ये तिचा शेअर एका दिवसात जवळपास निम्म्यावर आला. पुढे गुगलनेही निकालांच्या वर एआयने लिहिलेला सारांश द्यायला सुरुवात केली. प्यू संस्थेच्या २०२५ मधील अमेरिकेतल्या पाहणीत, सारांश दिसला तेव्हा लोकांनी खालच्या दुव्यांवर ८ टक्के वेळा क्लिक केले. सारांश नव्हता तेव्हा १५ टक्के वेळा. वाचकांसाठी गुगलवर विसंबलेल्या संकेतस्थळांना हे चांगलेच झोंबले.

मे २०२५ मध्ये बाजार पुन्हा हादरला. ॲपलच्या सफारी ब्राउझरवरून होणारे सर्च एप्रिलमध्ये प्रथमच घटले, अशी साक्ष ॲपलचे अधिकारी एडी क्यू यांनी गुगलविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात दिली आणि अल्फाबेटचा शेअर सात टक्क्यांहून अधिक आपटला. त्याच तिमाहीत सर्चचा महसूल मात्र सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. सप्टेंबरमध्ये तर प्रतिस्पर्धी चॅटबॉटच गुगलच्या मदतीला धावून आले. त्याच खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी एआयमुळे बदललेली स्पर्धा विचारात घेतली आणि गुगलला क्रोम ब्राउझर विकायला लावण्याची अमेरिकी सरकारची मागणी फेटाळली. दुसऱ्या दिवशी शेअर नऊ टक्क्यांच्या आसपास उसळला.

खरी मेख खर्चात आहे. चॅटबॉटच्या एका उत्तराला साध्या सर्चच्या दसपट खर्च येऊ शकतो, असे अल्फाबेटचे अध्यक्ष जॉन हेनेसी यांनी २०२३ मध्येच सांगितले होते. तो खर्च उतरत गेला, तरी डेटा सेंटर उभारण्याचा आणि चिपचा खर्च थांबलेला नाही. अल्फाबेटचा भांडवली खर्च २०२३ मध्ये सुमारे ३,२०० कोटी डॉलर होता. २०२४ मध्ये तो ५,२०० कोटींच्या पुढे गेला. शिवाय ब्राउझर आणि फोनवर गुगल आधीपासून बसवलेले असावे म्हणून पैसे मोजावे लागतात ते वेगळेच. २०२२ मध्ये एकट्या ॲपलला २,००० कोटी डॉलर गेले.

नॅस्डॅकवर आधारित फंडांमधून किंवा थेट अमेरिकी शेअर घेऊन अनेक मराठी गुंतवणूकदारांचा पैसाही आज अल्फाबेटमध्ये आहे. त्यांनी एखाद्या मथळ्याने धास्तावून विक्री करू नये आणि एखाद्या उसळीने हुरळून खरेदीही करू नये. दर तिमाहीच्या निकालात सर्च महसुलाची वाढ, भांडवली खर्च आणि नफ्याचे प्रमाण हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. महसूल वाढत असूनही नफ्याचे प्रमाण सलग घटू लागले, तर चॅटबॉटची झळ गुगलपर्यंत पोहोचली असे समजायला हरकत नाही.