जामीनदार कोण?

‘मुलाने नोकरी सोडली’ हे वाक्य आपल्या घरांत अजूनही आजारपणाची बातमी सांगावी तसे हलक्या आवाजात सांगितले जाते. त्यातून ती नोकरी डिझाइनच्या एखाद्या नावाजलेल्या सल्लागार कंपनीतली असली आणि सोडण्याचे कारण ‘वेबसाइट काढायची आहे’ हे असले, तर आईवडिलांची झोप उडालीच म्हणून समजा. मग नातेवाइकांपैकी कोणीतरी हमखास अमेरिकेतल्या ‘एअरबीएनबी’चा दाखला देतो. ‘त्या ब्रायन चेस्कीनेही नोकरी सोडलीच होती की!’ सोडली होती, हे खरे. पण तीस वर्षे कर्जाचे अर्ज चाळल्यामुळे गोष्ट ऐकण्याआधी तिचा ताळेबंद पाहण्याची मला सवय जडली आहे. कादंबऱ्या लिहू लागलो तरी ती सुटलेली नाही.

चेस्की हा ‘ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन’चा २००४ चा पदवीधर. आईवडील समाजकार्याच्या क्षेत्रात नोकरी करणारे. मुलाला आरोग्यविमा असलेली नोकरी लागावी, एवढीच त्यांची अपेक्षा. आपल्याकडे ‘पेन्शन आहे ना?’ असे विचारतात, त्यातलाच हा प्रकार. लॉस एंजेलिसमध्ये त्याला औद्योगिक डिझाइनची नोकरी मिळालीही. २००७ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, ती सोडून तो सॅन फ्रान्सिस्कोला कॉलेजमित्र जो गेबिया याच्या बिऱ्हाडी आला. भाड्यातला वाटा ११५० डॉलर आणि बँकेत शिल्लक १००० डॉलर!

त्या ऑक्टोबरात शहरात डिझायनर मंडळींचे अधिवेशन होते आणि हॉटेले भरून गेली होती. या दोघांनी हवेच्या तीन गाद्या फुगवल्या, साधी वेबसाइट केली आणि रात्रीला ८० डॉलर घेऊन तीन पाहुणे ठेवले. त्यांतला एक भारतातून तिकडे शिकायला गेलेला विद्यार्थी होता. पुढे २००८ मध्ये नेथन ब्लेचार्झिक हा संगणकतज्ज्ञ तिसरा भागीदार झाला. त्यांनी दीड लाख डॉलरचे भांडवल मागितले. सात गुंतवणूकदारांपैकी पाच जणांनी नकार दिला, दोघांनी उत्तरच दिले नाही. आज त्यांना हसणे सोपे आहे. पण तारण म्हणून दाखवायला होत्या काय, तर हवेच्या गाद्या!

क्रेडिट कार्डांवर कर्ज चढत गेले. तेव्हा उपयोगी पडली ती सोडलेल्या नोकरीतली विद्याच. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी ओबामा आणि मॅकेन यांच्या नावांची न्याहारीची खोकी स्वतः डिझाइन करून ४० डॉलरला एक अशी विकली आणि सुमारे ३०,००० डॉलर मिळवले. २००९ च्या सुरुवातीस ‘वाय कॉम्बिनेटर’ या संस्थेने त्यांना २०,००० डॉलर दिले. तरीही कमाई आठवड्याला २०० डॉलरवर अडकलेली. मग न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी यजमानांच्या घरांचे चांगले फोटो स्वतः काढले, तेव्हा कुठे ती दुप्पट झाली.

या ताळेबंदात जमेला दोन गोष्टी दिसतात. मोठी उडी घेण्यापूर्वी तीन गाद्यांवर प्रयोग झाला होता आणि हातात कसब होते. तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बुडाले असते तर ते दोघेच बुडाले असते. संसाराची जबाबदारी त्यांच्या अंगावर नव्हती.

आपल्याकडे नेमका इथेच फरक पडतो. धंद्याच्या कर्जाला कागदावर जामीनदार कोणीही असो, न लिहिलेला जामीनदार घरच असते. बायकोच्या पाटल्या, धाकट्याची फी, आईचे पुढे ढकललेले मोतीबिंदूचे ऑपरेशन हे सारे त्या कर्जात गुंतलेले असते. एका गृहस्थाचा छापखाना सहा वर्षांनी छान चालू लागला. वर्तमानपत्रात त्याचा फोटोही आला. ती सहा वर्षे त्याच्या घराचा किराणा बहिणीच्या पगारातून भरला जात होता. तिचे नाव त्या बातमीत नव्हते.

म्हणून मुलांना घरी डांबून ठेवावे, असे मी म्हणणार नाही. पक्की नोकरी तरी कुठे पक्की असते? करोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, याच ‘एअरबीएनबी’ने सुमारे १,९०० जणांना, म्हणजे चौथा हिस्सा नोकरांना, घरी पाठवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी तिचे मोल १०० अब्ज डॉलरच्या वर गेले.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी नोकरी सोडायचे म्हणाली, तर ‘यश येईल का?’ हे विचारू नका. त्याचे उत्तर ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते. विचारायचे ते इतकेच: किती महिने तग धरता येईल? तीन गाद्यांएवढा तरी प्रयोग करून पाहिला आहे का? आणि तोवर घर कोणाच्या पैशांवर चालेल? ज्याचे नाव या शेवटच्या उत्तरात येईल, त्याला जेवणाच्या पानावर समोर बसवून त्याची संमती घ्या. बँकेतसुद्धा जामीनदाराची सही घेतल्याशिवाय कर्जाचा पैसा सुटत नाही.