रेणूची ठेवण

बेळगावात वर्ग घेताना मी कधीकधी मातीच्या गोळ्या आणि खराट्याच्या काड्या घेऊन रेणू उभा करतो. ग्लायसिन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल. त्यास गोळ्या दहाच लागतात. परंतु काड्या हलकेच फिरविल्या की तोच रेणू निरनिराळ्या ठेवणींत बसतो. हात एकच, पण कोपर व मनगट वळविले की पवित्रा बदलतो, तसेच हे. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, यांतली खरी ठेवण कोणती?"

रेणू डोळ्यांना दिसत नाही. त्याची ठेवण ओळखावयाची ती कंपनांवरून. अणूंमधील बंध सतत कंप पावत असतात आणि त्या कंपनांशी जुळणारे अवरक्त किरण रेणू शोषून घेतो. ग्लायसिनमधील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध मोकळा असेल, तर त्याची रेषा दर सेंटिमीटरला सुमारे ३५६० तरंग, या जागी उमटते. तोच हायड्रोजन नायट्रोजनकडे ओढला गेला, की बंध सैल होतो आणि रेषा ३२०० च्या जवळ घसरते.

स्फटिकात मात्र हा हायड्रोजन ऑक्सिजनला सोडून नायट्रोजनलाच जाऊन मिळतो. म्हणून ग्लायसिनची वाफ आर्गॉन वायूत मिसळून उणे २६० अंशांच्या आसपास गोठवितात. तेथे प्रत्येक रेणू एकटा सापडतो.

तरीही कोणती रेषा कोणत्या ठेवणीची, हे गणितावाचून कळत नाही. १९७८ साली सूक्ष्मतरंगांनी वाफेतील ग्लायसिन प्रथम हुडकले, तेव्हा आढळली ती हायड्रोजन नायट्रोजनकडे वळलेली ठेवण. गणित मात्र दुसरीच ठेवण अधिक स्थिर ठरवीत होते. उपकरण खोटे नव्हते. त्या दुसऱ्या ठेवणीत धन-ऋण विद्युत्‌भारांची फारकत कमी, म्हणून तिच्या रेषा क्षीण. १९८० साली तीही सापडली. पुढे १९९० नंतरच्या दशकात अवरक्त वर्णपटांनी दोहोंची ग्वाही दिली आणि तिसरीही दाखविली.

अमिनो आम्लांच्या साखळीनेच प्रथिने बनतात आणि प्रथिनाचे कार्य त्याच्या घडीवर अवलंबून असते. त्या साखळीचे दुवे कोणत्या कोनांत वळू शकतात, याचा आराखडा १९६३ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने मांडला. आज जगभर प्रथिनांच्या रचना त्यावर पारखून घेतात.

त्या विद्यार्थ्यास मी म्हणालो, "बाळ, खऱ्या ठेवणी एकाहून अधिक आहेत. जी प्रथम दिसली, तीच सर्वांत स्थिर असे मात्र समजू नकोस."