गोळी चावणे

गेल्या महिन्यात पाच वर्षांच्या एका मुलाला लस टोचायची होती. त्याला धीर यावा म्हणून वडील म्हणाले, "बाइट द बुलेट!" मुलाला अर्थबोध होईना, तेव्हा त्यांनी शब्दशः मराठी केले, "अरे, गोळी चाव." मुलाने निमूटपणे तोंड उघडले!

टाळता न येणारी अप्रिय गोष्ट मनाचा हिय्या करून एकदाची पार पाडणे, हा या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ. शस्त्रक्रिया पुढे ढकलणारा रुग्ण अखेर स्वतःहून राजी होतो, तेव्हा तो शोभतो. भूल नसण्याच्या काळात शस्त्रक्रियेच्या वेळी सैनिकाच्या दातांत शिशाची गोळी देत, अशी कथा सांगतात. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस ग्रोस यांच्या कोशात गोळी चघळणारा सैनिक येतो तो फटक्यांची शिक्षा भोगताना. पुढे 1891 मध्ये किपलिंग यांच्या 'द लाइट दॅट फेल्ड' या कादंबरीत हा प्रयोग आजच्या अर्थाने आढळतो.

16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टन येथे ईथरचे यशस्वी प्रात्यक्षिक झाले आणि प्रौढांच्या दातांतील ही गोळी सुटली. नवजातांची मात्र सुटली नाही. त्यांना वेदना जाणवत नाहीत, या समजुतीने 1980 च्या दशकापर्यंत अनेक शस्त्रक्रिया अत्यल्प भूल देऊन होत असत. आपल्या इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर संशोधन केले. पुरेसे वेदनाशामक दिल्यास शरीरावरील ताण व गुंतागुंत कमी होते, हे 1987 मध्ये त्यांनी दाखवून दिले.

त्यानंतर काही वर्षांनी मी एम. डी. करीत होतो. तरीही नवजाताच्या पाठीत सुई घालताना "त्याला काय कळतंय?" असे आम्ही म्हणत असू. ते वाक्य आजही मला बोचते.

लस टोचताना तान्ह्या बाळाला अंगावर पाजावे, मोठ्या मुलाला मांडीवर बसवावे, अधिक दुखणारी लस शेवटी द्यावी. "दुखणार नाही" असे खोटे सांगू नये. गोळी चावण्याचा निश्चय ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याला, विशेषतः बालकाला, तशी आज्ञा देता येत नाही.

त्या मुलाला मी सांगितले, "थोडं दुखेल, रडलास तरी चालेल." तो रडला, आणि वडिलांच्या मांडीवर लवकरच शांतही झाला.